"मी स्पॉक नाही" : एका नटाचे लांब कान आणि आपल्या दुकानाची पाटी



मागच्या व्हिडिओच्या वेळी एका ताईंचा प्रश्न आला होता. त्या उकडीचे मोदक करून विकतात. गणपतीत हात पुरत नाहीत इतक्या ऑर्डरी येतात आणि नंतर फोन थंड. त्यांनी केक सुरू केले, ऑफिसचे डबे सुरू केले, व्हिजिटिंग कार्ड नवीन छापलं. तरी फोन येतो तो एकच : "मोदकवाल्या ताई ना?" त्यांनी विचारलं, "सर, या नावातून बाहेर कसं पडू?"

व्हिडिओत मी दीड मिनिटात काहीतरी उत्तर देऊन मोकळा झालो. रीब्रँडिंग करा, नवीन पेज काढा, वगैरे. घरी आल्यावर मलाच ते पटेना. कारण त्यांचा प्रश्न तो माझाही प्रश्न आहे, आणि मी त्यावर एकदा चांगलाच आपटलो आहे. ते पुढे सांगतो. आधी एका नटाची गोष्ट. नट अमेरिकेतला, भूमिका परग्रहावरच्या माणसाची. तुम्ही म्हणाल, मोदकाचा आणि याचा काय संबंध? जरा दम धरा.

लिओनार्ड निमॉय. जन्म १९३१, बॉस्टन शहर. आई-वडील युक्रेनमधून आलेले ज्यू, वडील न्हावीकाम करायचे. लहानपणी या पोराने बागेत उभं राहून वर्तमानपत्रं विकली. पुढे व्हॅक्यूम क्लीनर विकले. नट व्हायचंय म्हटल्यावर घरात जे होतं तेच झालं. वडिलांनी सांगितलं, निदान अ‍ॅकॉर्डियन वाजवायला शिक, त्यावर कधीही पोट भरता येईल. आपल्याकडे "आधी बी.एड. करून ठेव" म्हणतात, त्यातलाच प्रकार. आजोबा मात्र नातवाच्या बाजूने होते.

लॉस एंजेलिसला गेल्यावर काम मिळालं, पण किरकोळ. मधल्या काळात निमॉयनी टॅक्सी चालवली. १९५६ साली त्यांच्या टॅक्सीत जॉन केनेडी बसले होते, तेव्हा ते सिनेटर होते. दोघांच्या गप्पा झाल्या. तुमच्या धंद्यात काय आणि माझ्या धंद्यात काय, स्पर्धा भरपूर, पण चांगल्या माणसाला आणखी एक जागा असतेच, अशा अर्थाचं काहीतरी केनेडी बोलले. निमॉय हा किस्सा आयुष्यभर सांगायचे. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. केनेडी भाडं न देताच हॉटेलात शिरले, आणि हा गडी वसुलीसाठी त्यांच्या मागे आत गेला. सल्ला कितीही मोठ्या माणसाने दिला तरी भाडं ते भाडं!

तर अशी पंधराएक वर्षं गेली. निमॉय स्वतः सांगायचे की तोवर एकही काम सलग दोन आठवड्यांच्या वर टिकलं नव्हतं. वय झालं पस्तीस. (माझं आत्ता जवळपास तेच आहे, म्हणून हा आकडा डोक्यात बसलाय.) आणि १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एक अंतराळयान, त्यावरचं पथक, नवनव्या ग्रहांवर जाणं. त्यात मिस्टर स्पॉक नावाचा विज्ञान अधिकारी. अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन ग्रहावरचा. टोकदार कान, तिरक्या भुवया, भावना दाबून फक्त तर्काने बोलणारा. ही भूमिका निमॉयची.

आता गंमत बघा. त्या कानांवर कोणाचाच भरवसा नव्हता. एनबीसी या वाहिनीने पहिला पायलट भाग नाकारला होता, आणि हे कानवालं पात्र त्यांना खटकत होतं. सैतानासारखं दिसतं म्हणून एका माहितीपत्रकात त्यांनी कानांची टोकंच रंगवून गोल केली! खुद्द निमॉयही घाबरले होते. लोक हसतील, करिअर संपेल. त्यांनी निर्माते जीन रॉडनबेरींना सांगितलं, कान काढून टाका. रॉडनबेरींनी काय करावं? म्हणाले, तेरा भाग होऊ दे, तरीही तुला नको वाटलं तर स्पॉकच्या कानांचं ऑपरेशन दाखवणारा भागच मी लिहीन. तेरा भाग होईपर्यंत स्पॉक हाच मालिकेतला सगळ्यांचा लाडका झाला होता. ऑपरेशन बारगळलं.

माझ्या बॅचमध्ये मी हा किस्सा नेहमी सांगतो. जी गोष्ट आपल्याला दुकानात ओशाळवाणी वाटते, गिऱ्हाईक कधीकधी तिच्यासाठीच येतं. पण "कधीकधी" हा शब्द विसरू नका. सगळेच लांब कान चालत नाहीत.

आणि स्पॉक काही फक्त लेखकाने लिहून दिलेला आणि मेकअपवाल्याने चिकटवलेला नव्हता. व्हल्कन लोक एकमेकांना भेटताना हात वर करून बोटांचा तो दोन फाट्यांचा नमस्कार करतात ना, तो निमॉयनी आणला. कुठून? लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पुरोहित आशीर्वाद देताना खरं तर मान खाली घालायची असते. या पोराने चोरून पाहिलं, आणि ती बोटांची खूण डोक्यात राहिली. वीस-पंचवीस वर्षांनी सेटवर उपयोगी पडली. दुसरी गोष्ट, स्पॉक मारामारी करत नाही, मानेजवळ चिमटा काढून समोरच्याला बेशुद्ध करतो. मूळ पटकथेत मागून बंदुकीचा दस्ता डोक्यात घालायचा होता. निमॉय म्हणाले, हा माणूस असं करणार नाही. म्हणजे माल कंपनीचा, पण त्यातली चव या माणसाची. हे लक्षात ठेवा, पैशाच्या वेळी पुन्हा लागेल.

मालिका तीन सीझन चालली, ७९ भाग झाले, १९६९ला बंद पडली. निमॉयना लगेच 'मिशन : इम्पॉसिबल'मध्ये वेषांतर करणाऱ्या पॅरिसची भूमिका मिळाली. दोन सीझन करून त्यांनी ती सोडली. आणि इकडे काय झालं? बंद पडलेली 'स्टार ट्रेक' ठिकठिकाणच्या चॅनेलांवर रोज संध्याकाळी पुन्हा दाखवायला लागले आणि ती पहिल्यापेक्षा जास्त चालली. दुकान बंद झालं आणि त्यानंतर गर्दी वाढली! निमॉय नाटकं करत होते, पण लोक हाक मारणार "स्पॉक" अशीच.

विमानतळावर एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, बघ, हा तुझा आवडता मिस्टर स्पॉक! मुलाने मान वर करून पाहिलं. ना कान, ना भुवया, ना निळा शर्ट. त्याला काही केल्या तो स्पॉक दिसेना. यावरून निमॉयना आपल्या आत्मचरित्राचं नाव सुचलं, आणि १९७५ला पुस्तक आलं : 'आय अ‍ॅम नॉट स्पॉक'. मी स्पॉक नाही.

आणि इथे घोटाळा झाला.

पुस्तकात आत काय होतं? स्पॉकबद्दल प्रेमच होतं. निमॉय आणि स्पॉक यांचे गमतीदार संवाद होते. शूटिंगच्या दिवसांत आठवडाभर स्पॉक होऊन राहिल्यावर रविवारी दुपारी कुठे मी थोडा मी व्हायला लागायचो, असंही त्यांनी लिहिलंय. (ज्यांचं दुकान घराच्या खालीच आहे त्यांना हे वाक्य कळेल.) टीव्हीवरचं कुठलंही एक पात्र निवडायला सांगितलं तर स्पॉकच निवडेन, असंसुद्धा होतं. पण आत वाचतो कोण? लोकांनी मुखपृष्ठ वाचलं. ज्या प्रेक्षकांनी याला डोक्यावर घेतलं त्यांना वाटलं, हा आपल्याला झिडकारतोय. रागावलेली पत्रं आली. नावाची ती निवड चुकली, हे पुढे निमॉयनीच कबूल केलं.

आता माझी गोष्ट.

आमचं दुकान सोलापुरात. वडिलांची शेंगा चटणी. दुकानाला नाव होतं, पण ते फक्त बिलबुकावर. लोकांसाठी आम्ही "चटणीवाले". मी बीबीए करून आलो तेव्हा डोक्यात ब्रँडिंग, पोझिशनिंग असले शब्द नुसते उसळत होते. मसाले, लोणची, ड्रायफ्रूट, गिफ्ट हॅम्पर, सगळं आणलं. आणि एक दिवस जुनी पाटी उतरवून एलईडीची नवीन पाटी लावली. इंग्रजी नाव, खाली "प्रीमियम फूड्स अँड गिफ्टिंग". त्यावर चटणी हा शब्द कुठेच नव्हता. मुद्दामच ठेवला नव्हता. कॉलेजातल्या मित्रांनी "काय रे चटणी" म्हणणं मला नको झालं होतं, हे खरं कारण. धंद्याचं कारण मी नंतर शोधलं.

पहिल्याच महिन्यात काउंटरवर जाणवलं. गावाकडून येणारी गिऱ्हाइकं दुकानापुढून सरळ पुढे जायची. एक आजोबा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि दारात उभं राहून विचारायला लागले, "इथं चटणीचं दुकान होतं, ते बंद पडलं काय हो?" मी आत उभा. वडील माझ्याकडे बघत होते, बोलले काहीच नाहीत. आत चटणी होती, तीच होती, त्याच उखळातली होती. पण बाहेर मी लिहून ठेवलं होतं : मी स्पॉक नाही.

सहा महिने मी ती पाटी हट्टाने ठेवली. त्या वर्षीच्या दिवाळीचा गल्ला आधीच्या वर्षापेक्षा कमी भरला. हॅम्पर माझे मलाच वाटावे लागले.

निमॉयनाही त्या नावाची किंमत मोजावी लागली, आणि ती नेमकी कधी ते बघा. १९७९ला 'स्टार ट्रेक'चा पहिला सिनेमा आला. १९८२च्या दुसऱ्या सिनेमात स्पॉक मरतो. तिसऱ्या सिनेमासाठी स्टुडिओने बोलावलं तेव्हा निमॉय म्हणाले, मला दिग्दर्शन करायचंय. पॅरामाउंटचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयझ्नर अडून बसले. तुम्हाला तर स्पॉकचा तिटकारा आहे, त्याला मारा अशी अट तुम्हीच करारात घातली होती, मग सिनेमा तुमच्या हाती कसा देऊ? निमॉय चकित. असली काही अटच नव्हती. त्यांनी सांगितलं, माझा करार याच इमारतीत आहे, फाइल मागवून बघा. एका पुस्तकाच्या नावातून आणि ऐकीव गप्पांमधून एवढा गैरसमज तयार झाला होता. तो मिटला, आणि १९८४चा तिसरा सिनेमा निमॉयनी दिग्दर्शित केला.

आता मोदकवाल्या ताईंच्या प्रश्नाचं, मला वाटतं ते, खरं उत्तर इथे आहे. दिग्दर्शनात निमॉय अगदी नवखे नव्हते, टीव्हीवर एखाददुसरा भाग केला होता. पण मोठा सिनेमा त्यांना बाहेर कोणी दिला नसता. त्यांनी ही नवी वस्तू आधी जुन्या गिऱ्हाइकाला विकली. ज्यांना स्पॉक हवा होता त्यांना सांगितलं, स्पॉक देतो, सोबत माझं दिग्दर्शन घ्या. तिसरा सिनेमा चालला म्हणून १९८६चा चौथा मिळाला. तो आणखी चालला. आणि मग १९८७ला 'थ्री मेन अँड अ बेबी', ज्यात ना अंतराळयान, ना कान. तीन अविवाहित पुरुष आणि एक तान्हं बाळ. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई केलेला सिनेमा तो! १९७५ साली मी स्पॉक नाही म्हणून जे जमलं नाही, ते स्पॉकच्या काउंटरवरून जमलं.

ताई, तुमचे केक अनोळखी माणसाला विकायला जाऊ नका. गणपतीत जे शंभर लोक मोदक न्यायला दारात येतात, त्यांच्या डब्यात केकचा एक तुकडा ठेवा. फुकट. नंबर तोच, नाव तेच. "मोदकवाल्या ताईंचा केक" हे नाव कमीपणाचं नाही, ती ओळख आहे. नवीन पेज काढा हा माझा सल्ला मी मागे घेतो.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि आपले लोक इथे फार भोळे असतात. ओळख तुमची, पण मालकी कोणाची?

पहिल्या सीझनला निमॉयना एका भागाचे १,२५० डॉलर मिळत. स्पॉक गाजल्यावर घासाघीस झाली, स्टुडिओने बदली नटांची यादीसुद्धा काढली होती, आणि शेवटी २,५०० वर तडजोड झाली. पुढे रीरन सुरू झाले तेव्हा त्या काळच्या करारांप्रमाणे ठरावीक वेळा दाखवून झाल्यावर नटांचे पैसे बंद. खेळणी, पोस्टर, जाहिराती यांवर मात्र स्पॉकचा चेहरा सगळीकडे. लंडनमध्ये हायनेकन बिअरच्या होर्डिंगवर स्पॉक होता. कान लोंबलेले, बिअर प्यायल्यावर ताठ! याचे पैसे कोणाला? निमॉयनी स्टुडिओशी कायदेशीर भांडण मांडलं. ते मिटून हिशेब हातात आल्यावरच ते १९७९च्या सिनेमाच्या बोलणीला बसले. प्रेम वेगळं, रॉयल्टी वेगळी.

ते स्वतःपुरतं भांडले असंही नाही. १९७३ला 'स्टार ट्रेक'ची कार्टून मालिका निघाली तेव्हा निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेई या सहकलाकारांना वगळलं होतं. निमॉय म्हणाले, ते नसतील तर माझाही आवाज नाही. दोघांनाही घ्यावं लागलं. ज्याच्याशिवाय दुकान चालत नाही त्याच्या शब्दाला वजन असतं. ते कुठे वापरायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून विचारतो : तुमच्या चटणीचं, मोदकाचं, मसाल्याचं नाव कोणाच्या नावावर आहे? आमचं नाव वडिलांनी तीस वर्षं वापरलं आणि रजिस्टर केलंच नव्हतं. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो, फॉर्म टीएम-ए. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहायचं. एलईडी पाटीला मी याच्या कितीतरी पट घातले होते.

आता कोणी म्हणेल, सर, पण काही लोक भूमिकेला शेवटपर्यंत शिव्या घालूनही श्रीमंत झालेच की. झाले. सर अ‍ॅलेक गिनेस. ऑस्कर मिळवलेला इंग्रज नट, १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये म्हातारा ओबी-वान केनोबी. त्यांनी नफ्यातला वाटा मागून घेतला होता, दिग्दर्शक जॉर्ज लुकासच्या हिश्श्यातले सव्वादोन टक्के. त्यावर ते जन्मभर निवांत जगले. पण ती भूमिका त्यांना आवडायची नाही. शंभर वेळा सिनेमा पाहिलेल्या मुलाला त्यांनी सांगितलं, सही देतो, पण पुन्हा बघायचा नाही असं कबूल कर. मुलगा रडला. (हेच गिनेस पुढे 'अ पॅसेज टू इंडिया'त प्रोफेसर गोडबोले झाले होते. इंग्रज माणूस, आडनाव गोडबोले! तो वेगळाच विषय.) वाट्याची बोलणी त्यांच्याकडून शिकावी. गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र निमॉयकडून.

आणि खोटं कशाला सांगू, निमॉय त्या नावातून सुटले असंही नाही. 'थ्री मेन'नंतर लगेच केलेला गंभीर सिनेमा फारसा चालला नाही. त्यांनी फोटोग्राफी केली, प्रदर्शनं लावली, पुस्तकं काढली. चांगलं काम होतं ते. तरी २०१५च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८३व्या वर्षी ते गेले तेव्हा बातम्यांत स्पॉक गेला असंच होतं. कॅनडात लोकांनी पाच डॉलरच्या नोटेवरच्या माजी पंतप्रधानांना पेनाने कान आणि भुवया काढून स्पॉक केलं, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेला सांगावं लागलं की कृपा करून नोटा रंगवू नका.

पण त्याच्या वीस वर्षं आधी, १९९५ला, निमॉयनी दुसरं आत्मचरित्र लिहिलं होतं. नाव : 'आय अ‍ॅम स्पॉक'. मला यात हार दिसत नाही. वीस वर्षांत नाटक, दिग्दर्शन, सगळं करून झाल्यावर माणूस हे नाव ठेवू शकला. १९७५ला ठेवलं असतं तर कदाचित कुढत ठेवलं असतं. आपलं दुसरं काहीतरी उभं राहिलं की पहिल्या नावाचा जाच कमी होतो, हा माझाही अनुभव आहे. ट्रेनिंगच्या बॅच सुरू झाल्यावर मला "चटणीवाले सर" म्हणतात, आणि आता खरंच राग येत नाही.

आमची पाटी? एलईडीची ती उतरवली. पेंटरला बोलावून जुन्यासारखीच हाताने रंगवून घेतली. वर मोठ्या अक्षरात चटणी, खाली बारीक अक्षरात मसाले, लोणची, बाकीचं. पेंटर शिडीवर असताना वडील खुर्ची टाकून रस्त्यावर बसले होते. मध्येच म्हणाले, "ते हॅम्पर-बिम्परपण लिही की खाली, जागा आहे."